गाढवाचा उठाव कुणी लिहिला?

प्रश्न : माझ्या नववीतल्या मुलीनं जॉर्ज ऑर्वेलचं ‘ॲनिमल फार्म’ वाचलं आणि लगोलग त्याच नावाचा जुना कार्टूनपट मोबाइलवर पाहिला. तेव्हापासून घरात वाद पेटलाय. पुस्तकाच्या शेवटी डुकरं आणि माणसं एका टेबलाशी पत्ते कुटत बसतात, बाकीचे प्राणी बाहेरून खिडकीतून बघत राहतात आणि गोष्ट तिथंच संपते. चित्रपटात मात्र गाढव पुढं होतं, सगळे प्राणी बंगल्यावर चालून जातात आणि डुकरांचा निकाल लावतात. मुलीला चित्रपटाचा शेवट पटला. मी म्हटलं, पुस्तकातलाच खरा. तर ती म्हणते, ‘बाबा, गोष्टच आहे ना, तिचा शेवट खरा-खोटा कसा असेल?’ त्यात आमचे एक मित्र सांगतात की हा शेवट अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं बदलून घेतला. हे खरं की व्हॉट्सॲप विद्यापीठाचं संशोधन? आणि लेखक कम्युनिझमचा एवढा वैरी, मग त्याला समाजवादी का म्हणतात?
— एक वाचक, मिरज

उत्तर : मित्रांचं म्हणणं खरं आहे. या खेपेला व्हॉट्सॲपला दोष नको.

हा चित्रपट लंडनमध्ये हलास आणि बॅचलर या नवरा-बायकोच्या स्टुडिओत तयार झाला. जॉन हलास मूळचा बुडापेस्टचा, जॉय बॅचलर इंग्लंडचीच. चित्रपटगृहांसाठी ब्रिटनमध्ये बनलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट; १९५४ सालच्या डिसेंबरअखेर तो न्यूयॉर्कमध्ये झळकला. सगळ्या प्राण्यांचे आवाज मॉरिस डेनम या एकाच नटानं काढलेत, ते कान देऊन ऐकण्याजोगे आहेत. निर्माता लुई द रॉशमाँ अमेरिकन होता, आणि त्याच्यामागचा पैसा सीआयएच्या छुप्या कारवाया करणाऱ्या शाखेचा. ऑर्वेल जानेवारी १९५० मध्येच वारला होता, त्यामुळं हक्क त्याच्या पत्नीकडून, सोनियाकडून, मिळवावे लागले. या व्यवहारात आपला हात होता असं हॉवर्ड हंट या अधिकाऱ्यानं पुढं आत्मचरित्रात लिहिलं. हा हंट म्हणजे वॉटरगेट प्रकरणात तुरुंगात गेलेला तोच. स्टुडिओत चित्रं काढत बसलेल्या लोकांना पैशाचं मूळ ठाऊक होतं असं दिसत नाही. १९९९ आणि २००७ साली या विषयावर दोन इंग्रजी पुस्तकं आली आणि कुजबुजीला कागदोपत्री आधार मिळाला.

गुप्तहेर खात्यानं कार्टूनला पैसा पुरवला यात मला विशेष नवल वाटत नाही. त्या काळात त्यांनी मासिकं चालवली, चित्रकारांची प्रदर्शनं भरवली. खरी गंमत त्यांनी पुस्तकातून काय काढलं यात आहे.

पुस्तकातल्या त्या शेवटच्या टेबलाकडं नीट बघा. एका बाजूला डुकरांचा म्होरक्या नेपोलियन आणि त्याची डुकरं, दुसऱ्या बाजूला शेजारचे शेतमालक. ती माणसं म्हणजे लंडन-वॉशिंग्टनची सत्ता, डुकरं म्हणजे मॉस्कोची. डुकरं दोन पायांवर चालायला लागली आहेत, अंगावर कपडे आहेत, आणि बाहेरून बघणाऱ्या प्राण्यांना दोघांत फरक करता येईनासा झालाय. ऑर्वेलनं हे लिहिलं नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ या काळात, म्हणजे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन तेहरानला भेटले त्याच सुमारास. सगळं जग त्या भेटीकडं दिलजमाई म्हणून बघत होतं. ऑर्वेलनं टेबलावर दोघांच्याही हातून एकाच वेळी इस्पिकचा एक्का टाकवला. एका जोडात इस्पिकचे एक्के दोन नसतात. तेव्हा कुणीतरी लबाडी करतंय आणि भांडण जुंपलंय. १९४७ मधल्या एका प्रस्तावनेत त्यानं बजावूनही ठेवलं की शेवटी समेट झाला असं कुणी समजू नये, आपल्याला बेबनावच दाखवायचा होता.

आता हा शेवट अमेरिकेच्या पैशानं अमेरिकेच्या पडद्यावर दाखवायचा कसा? त्यात पडद्याबाहेर बसलेले तुम्हीही डुकरांच्याच पंगतीचे ठरता. म्हणून चित्रपटात टेबलावरची माणसं उठवली. तिथं उरली फक्त डुकरं, ठिकठिकाणच्या फार्मवरून जमलेली. दोषी एकच पक्ष उरला की त्याच्यावर हल्ला चढवणं सोपं जातं. मग बेंजामिन गाढव, मग उठाव, मग टाळ्या.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. इसापनीतीतला कोल्हा द्राक्षं न मिळताच परत जातो. त्याला द्राक्षं मिळाली तर कोल्हा उरेल, पण गोष्ट उरणार नाही. ‘ॲनिमल फार्म’ची सुरुवातच उठावानं होते. जोन्स मालकाला प्राण्यांनी पहिल्याच काही पानांत हाकलून दिलंय. त्यानंतरची सगळी पानं एकच गोष्ट तपासतात: जिंकलेला उठाव हातातून कसा निसटला? याचं उत्तर म्हणून आणखी एक उठाव दाखवणं म्हणजे पहिल्या पानावर परत जाणं. उद्या गाढव बंगल्यात राहायला गेलं तर? गाईंचं दूध कुणाच्या बादलीत जाईल? चित्रपटाला हे विचारायला सवड नाही.

दुधाचा उल्लेख मुद्दाम केला. उठावानंतर पहिल्याच दिवशी पाच बादल्या दूध निघतं. त्याचं काय करायचं असं कुणीतरी विचारतं, नेपोलियन सगळ्यांना गवत कापायला पाठवतो, आणि संध्याकाळी परत येऊन बघतात तर दूध गायब. पुढं कळतं की ते डुकरांच्या खाण्यात जातंय, सफरचंदंही तिकडंच. डुकरांना डोक्याचं काम असतं, तेव्हा ती सगळ्यांच्या भल्यासाठीच दूध पितात, असा खुलासा मिळतो. ऑर्वेलनं एका अमेरिकन मित्राला पत्रात लिहिलं होतं की गोष्टीचा कणा हा प्रसंग आहे. प्राण्यांनी तेव्हाच पाय रोवले असते तर पुढचं टळलं असतं. नेपोलियनची कुत्री, खोटे कबुलीजबाब, रक्तपात हे सगळं नंतरचं. वाचताना आपणही त्या पाच बादल्या ओलांडून पुढं जातो, हे ऑर्वेलला पक्कं ठाऊक होतं.

प्रचाराचं काम करणारा स्क्वीलर हा डुक्कर त्या खुलाशातच पहिल्यांदा आपलं कसब दाखवतो. त्याच्याकडं हत्यारं थोडीच आहेत, पण ती तो आलटून पालटून वापरतो. पहिलं: ‘जोन्स परत यायला हवाय का?’ याला उत्तर एकच असतं, त्यामुळं चर्चा तिथंच मिटते. दुसरं: आकडे. धान्याचं उत्पादन दोनशे टक्के वाढलं, तीनशे वाढलं, पाचशे वाढलं, असे तक्ते तो रविवारी वाचून दाखवतो. पोटात भूक असूनही प्राण्यांना आकडा खोडता येत नाही, कारण आधीचा आकडा कुणी लिहून ठेवलेला नाही. तिसरं हत्यार मला सगळ्यांत भयंकर वाटतं. व्यापार करायचा नाही, पैशाला शिवायचं नाही, असा ठराव झाल्याचं काही प्राण्यांना अंधुकसं आठवतं. स्क्वीलर शांतपणे विचारतो, असा ठराव कुठं लिहिलेला आहे का? की तुम्हाला स्वप्न पडलं? लिहिलेला नसतोच. मग प्राण्यांना आपल्याच आठवणीची शंका येते.

कोठाराच्या भिंतीवरचे नियम याच रीतीनं बदलतात. मूळ नियम कुणी पुसत नाही, नुसती दोन-चार अक्षरं वाढतात. बिछान्यावर झोपायचं नाही. त्याला चादरीची अट चिकटते. दारू प्यायची नाही. ती जास्त प्यायची नाही अशी होते. प्राण्यानं प्राण्याला मारायचं नाही. तिथं ‘विनाकारण’ येऊन बसतं. क्लोव्हर घोडीला काहीतरी खटकतं, पण तिला अक्षरांपलीकडं वाचता येत नाही. म्हणून ती म्युरिएल शेळीला बोलावते. म्युरिएल भिंतीवर जे असतं ते वाचून दाखवते, आणि क्लोव्हरला वाटतं, आपल्याच लक्षात राहिलं नसेल. एका रात्री बाराच्या सुमाराला धडाम् आवाज होतो. सगळे धावत येतात. शिडी मोडून पडलीय, स्क्वीलर खाली पालथा, शेजारी कंदील, ब्रश आणि सांडलेला पांढरा रंग. एवढं समोर असूनही कुणाला अर्थ लागत नाही. फक्त बेंजामिन मान डोलावतो. त्याला कळलंय, पण तो बोलत नाही.

हा निव्वळ कल्पनेचा खेळ होता असं समजू नका. लेनिन भाषण करतोय आणि व्यासपीठाच्या पायऱ्यांवर पुढं स्टालिनचा वैरी ठरलेला ट्रॉट्स्की उभा आहे, असा १९२० सालचा मॉस्कोतला फोटो प्रसिद्ध आहे. स्टालिनच्या काळात छापताना त्यातला ट्रॉट्स्की नाहीसा झाला. कमाल झाली ती ऑर्वेलच्या मृत्यूनंतर. स्टालिनचा पोलीसप्रमुख बेरिया याला डिसेंबर १९५३ मध्ये गोळी घातली. सोव्हिएत महाकोशाच्या पाचव्या खंडात त्याच्यावर भलामोठा लेख होता आणि तो खंड वर्गणीदारांच्या घरी पोचलेला. तेव्हा वर्गणीदारांना टपालानं नवी पानं आली: जुनी पानं कात्रीनं किंवा ब्लेडनं कापा, त्या जागी ही चिकटवा. नव्या पानांवर बेरिंग समुद्राविषयी भरपूर माहिती होती. शिडी आणि रंग दोन्ही आता वाचकाच्याच हातात दिले होते. आणि हा प्रकार घडला ‘ॲनिमल फार्म’चा शेवट लंडनमध्ये बदलला जात होता त्याच सुमाराला.

आता समाजवादी असण्याचा मुद्दा. ऑर्वेल १९३६ च्या डिसेंबरात स्पेनला गेला तो फ्रँकोच्या फौजांशी लढायला. पॉउम नावाच्या छोट्या मार्क्सवादी पक्षाच्या पलटणीत भरती झाला. मे १९३७ मध्ये मानेतून गोळी आरपार गेली, वाचला. बरा होतोय तोच मॉस्कोच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या कम्युनिस्टांनी त्याच्या पक्षाला फॅसिस्टांचे हस्तक ठरवून धरपकड सुरू केली, आणि त्याला तेव्हाच्या बायकोसह सीमा ओलांडून पळावं लागलं. ज्यांच्याबरोबर खंदकात थंडी काढली त्यांना वर्तमानपत्रं गद्दार म्हणून छापत होती. रागाचं मूळ तिथं आहे. समाजवाद त्यानं सोडला नाही. समाजवादाच्या नावावर रशियाला दिलेली सूट त्याला काढून घ्यायची होती. नेपोलियन म्हणजे स्टालिन, शेजारचा शेतमालक फ्रेडरिक म्हणजे हिटलर, हाकललेला डुक्कर स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, कोंबड्यांचा संप म्हणजे शेतकऱ्यांचा सक्तीच्या सामूहिक शेतीला विरोध, अशी यादी कुठल्याही गाइडात मिळेल. गाइडात बहुधा नसतं ते सांगतो. फ्रेडरिकची माणसं प्राण्यांची पवनचक्की उडवतात त्या प्रसंगी नेपोलियनसह सगळे जमिनीवर पडतात असं आधी लिहिलं होतं. पुस्तक छापायला गेलेलं असताना ऑर्वेलनं पॅरिसहून प्रकाशकाला कळवलं की ‘नेपोलियन सोडून सगळे’ असं करा. जर्मन फौजा दाराशी आल्या तरी स्टालिन मॉस्को सोडून गेला नव्हता, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं, हे कारण. ज्याला उघडं पाडायचं त्याच्याशीही दोन शब्दांपुरता न्याय. स्क्वीलर बरोबर याच्या उलट दोन शब्द घालतो.

पण या पुस्तकाला छळलं ते मॉस्कोनं नव्हे, आधी लंडननं. १९४४ मध्ये रशिया ब्रिटनचा दोस्त होता. प्रकाशक गोलान्झनं नकार दिला. जोनाथन केपनं होकार देऊन तो मागं घेतला, कारण माहिती मंत्रालयातल्या एका वजनदार अधिकाऱ्यानं सल्ला दिला. सत्ताधारी म्हणून डुकरंच निवडलीत याचंही केपला वावडं होतं. तो अधिकारी पीटर स्मॉलेट असावा असं अभ्यासक मानतात, आणि हा गृहस्थ सोव्हिएत हेर होता हे बऱ्याच वर्षांनी उजेडात आलं. फेबर प्रकाशनातर्फे कवी टी. एस. एलियटनं नकार कळवला: तुमची डुकरं सगळ्यांत हुशार आहेत, तेव्हा कारभार त्यांच्याकडंच हवा, फक्त ती जरा लोकहिताची चाड असणारी हवीत, असा काहीसा त्याचा सूर. एवढा मोठा कवी, पण पुस्तक हातून निसटलं. शेवटी सेकर अँड वॉरबर्गनं १७ ऑगस्ट १९४५ रोजी ते काढलं, पहिली आवृत्ती ४,५०० प्रतींची.

यानंतरच्या एका घटनेपुढं मला तुमच्या मित्रांची माहितीही फिकी वाटते. १९४७ मध्ये जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांत अडकलेल्या युक्रेनी लोकांसाठी पुस्तकाचं युक्रेनी भाषांतर निघालं. ऑर्वेलनं मानधन घेतलं नाही, उलट खास प्रस्तावना लिहून दिली. इस्पिकच्या एक्क्याचा खुलासा तिच्यातलाच. म्युनिकमधल्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांनी त्यातल्या सुमारे १,५०० प्रती जप्त करून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. त्याआधी दोनेक हजार वाटून झाल्या होत्या म्हणून निभावलं. म्हणजे १९४७ मध्ये जे सरकार हे पुस्तक स्टालिनच्या माणसांना नेऊन देत होतं, त्याच सरकारचं एक खातं चार-पाच वर्षांत त्याचा चित्रपट काढायला पैसे ओतत होतं. पुस्तकात एक अक्षरही बदललं नव्हतं. बदलले होते ते दोस्त आणि दुश्मन.

ऑर्वेललाही सोवळ्यात ठेवू नये. १९४९ मध्ये, क्षयानं अंथरुणाला खिळलेला असताना, त्यानं ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या नव्या प्रचार विभागाला अडतीस लेखक-पत्रकारांची यादी दिली: हे लोक आतून रशियाधार्जिणे वाटतात, यांना प्रचाराचं काम देऊ नका. कुणाला तुरुंगात टाकण्यासाठी ती यादी नव्हती, असा बचाव त्याचे चाहते करतात आणि तो खराही आहे. तरी खुपतं ते खुपतं. याच विभागानं पुढं ‘ॲनिमल फार्म’ची चित्रमालिका करवून घेऊन परदेशी वर्तमानपत्रांना पुरवली.

चित्रपटाच्या शेवटावर माझा खरा राग बेंजामिनमुळं आहे. फार्मवर डुकरांइतकं चांगलं वाचता येणारा तो एकटाच. नियम बदलताना त्याला दिसतात. क्लोव्हर त्याच्याकडं वाचून दाखवायला जाते तेव्हा तो म्हणतो, मी या भानगडीत पडत नाही. आयुष्यभरात तो एकदाच धावतो: बॉक्सर घोडा राबून राबून कोसळलाय, त्याला न्यायला गाडी आलीय, प्राणी निरोप देताहेत, आणि बेंजामिन ओरडतो, अरे मूर्खांनो, गाडीवर काय लिहिलंय ते बघा! गाडी घोडे कापणाऱ्या खाटकाची असते. आतून बॉक्सरच्या लाथा ऐकू येतात, मग त्या मंद होत जातात. तीन दिवसांनी स्क्वीलर सांगतो, तो दवाखान्यात सुखानं गेला. गाडी खाटकाची होती खरी, पण डॉक्टरांनी ती विकत घेतलीय, वरचं नाव पुसायचं राहून गेलं होतं. सगळ्यांना हायसं वाटतं. आणि डुकरांकडं कुठून तरी व्हिस्कीच्या पेटीपुरते पैसे येतात.

बेंजामिन म्हणजे तुम्ही-आम्ही, वर्तमानपत्र वाचणारे, सगळं कळणारे, आणि ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणणारे. पुस्तक त्याला माफ करत नाही. चित्रपट त्याला थेट सेनापती करून टाकतो. गाडीचा तो प्रसंग मात्र हलास-बॅचलरनी असा उभा केलाय की आजही बघवत नाही. त्यासाठी चित्रपट जरूर बघा, फक्त शेवटची काही मिनिटं कुणाच्या पैशाची आहेत ते मुलीला सांगून ठेवा.

प्रश्न : ऑर्वेलचा जन्म बिहारमधला असं वाचलं होतं. त्याचा मराठीशी काही संबंध आला होता का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : जन्म मोतिहारीचा, १९०३ सालचा, वडील सरकारच्या अफू खात्यात होते. वर्षभरातच आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली, त्यामुळं बिहारचं श्रेय पाळण्यापुरतंच. मराठीशी संबंध मात्र आला, आणि तो प्रचारामुळंच. १९४१ ते १९४३ या काळात तो लंडनला बीबीसीच्या भारतासाठीच्या विभागात नोकरीला होता. युद्धाच्या घडामोडींवरची साप्ताहिक वार्तापत्रं तो इंग्रजीत लिहायचा, आणि ती मराठी, गुजराती आदी भाषांत करून भारताकडं प्रक्षेपित व्हायची. मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागे. वाचणारा त्यापासून ढळला तर प्रक्षेपण तोडायला सेन्सॉरचा माणूस बटणाशी बसलेला असे. या नोकरीत आपण वेळ वाया घालवतोय असं वाटून त्यानं ती १९४३ च्या नोव्हेंबरात सोडली आणि त्याच महिन्यात ‘ॲनिमल फार्म’ लिहायला घेतलं. स्क्वीलर कुठल्या अनुभवातून आला हे विचारणाऱ्यांनी या दोन वर्षांकडंही बघायला हवं.

त्याच विभागात वेणू चितळे काम करत होत्या. मूळच्या कोल्हापूरकडच्या शिरोळच्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या. ऑर्वेलच्या कार्यक्रमांत त्यांचा सहभाग असे, इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांतून त्या बोलत. रेडिओवरच्या ‘व्हॉइस’ या काव्यमासिकाच्या वेळचा १९४२ सालचा एक फोटो आहे. त्यात ऑर्वेल, मुल्कराज आनंद, वेणूताई आणि टी. एस. एलियट एकाच खोलीत दिसतात. पुढं दीड-दोन वर्षांत ज्यानं पुस्तक नाकारलं तोच हा एलियट. वेणूताईंनी भारतात परतल्यावर ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली, ती १९५० मध्ये निघाली. पुण्यातल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ती गोष्ट आहे. एखाद्या जुन्या ग्रंथालयात सापडली तर सोडू नका.